पाण्याची शिट्टी

हल्ली म्हणे चुंबकीय अनुनादाचा क्षीण संदेश पकडायला अतिवाहक मंडलं असतात, बर्फाहून कितीतरी थंड ठेवलेली. आमच्याकडे तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, पाण्याची बाटली आणि मोटारीची बॅटरी.

छप्पन साली राज्यांची फेररचना होऊन नागपूर मुंबई राज्यात चाललं होतं, आमचं सौंसर मध्यप्रदेशातच राहणार होतं. म्हणजे नागपूरच्या प्रयोगशाळेत मी परराज्यातला. तिथले सर म्हणाले होते, पाण्याचा आवाज ऐकवलास तर तुझ्या जागेसाठी भांडतो, नाही तर घरची संत्री सांभाळ. शहरात विजेच्या तारांच्या गुणगुणीत तो आवाज बुडायचा, म्हणून सगळं सामान सौंसरजवळ रामाकोन्याला आमच्या संत्र्याच्या बगिच्यात आणलं. इथे वीज कुठली! वेटोळ्यातून प्रवाह सोडायचा आणि झटकन तोडायचा, की पाण्यातली अणुकेंद्रं गिरक्या घेतात आणि हेडफोनमध्ये बारीक शिट्टी वाजून विरते. सर यायच्या आदल्या दिवशी ती मी स्वतः ऐकली होती.

सर आले, हेडफोन लावला. काही नाही. पुन्हा केलं, तरी काही नाही. लोखंड जवळ असलं की शिट्टी मरते, म्हणून बैलबंडी लांब नेली, विहिरीवरची लोखंडी मोट हलवली, खिशातली चावीसुद्धा भिरकावली. सर परतीच्या छोट्या रेल्वेगाडीची वेळ विचारू लागले.

शेवटी बाटलीखालचा कापूस उपसला. त्यात खिळा, काळ्या दोऱ्यात गुंडाळलेला! मायने सकाळी ठेवला होता, शहरचा माणूस येऊन राहिला, दृष्ट लागू नये म्हणून. माझं डोकंच फिरलं. सरांच्या देखत तिला नाही नाही ते बोललो. ती खिळा घेऊन गुपचूप बांधावर जाऊन बसली.

मी पुन्हा प्रवाह तोडला. या वेळी हेडफोन लावलेल्या सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आहे. सोमवारी ये."

सर गेल्यावर मला मायची लाज वाटायला लागली. खिळा तिथेच ठेवायला सांगून तिला बोलावलं, हेडफोन तिच्या कानाला लावला आणि प्रवाह तोडला. ती ऐकत राहिली.

"इतक्याशा आवाजासाठी तू आमाले सोडून जाऊन राहिला?"

हेडफोन काढायला गेलो तर तिने माझा हात धरला, आणखी एकदा लाव म्हणाली. बॅटरी उतरेपर्यंत मी लावत राहिलो.