पाठीवरचा खो

शनिवारी शाळा सकाळची असते. ऊन डोक्यावर यायच्या आत घंटा होते, मुलं पांगतात, आणि सातवीच्या रिकाम्या वर्गात बाकांवरच्या खडूच्या धुळीवर माघातलं उबदार ऊन खिडकीतून तिरपं पसरतं. त्या उन्हाबरोबर भोवतालच्या द्राक्षबागांवर फवारलेल्या औषधाचा उग्र, किंचित गोडसर दर्प आत येतो. तासगावच्या बाजूला थंडी ओसरू लागली की साऱ्या शिवाराला हाच वास असतो. मी मूळची वाईची, कृष्णेच्या घाटावरच्या ओलसर हवेत वाढलेली. इतकी वर्षं इथे नोकरी करूनही या वासानं माझं डोकं उठतं. आणि डोकं उठलेलं असतानाच मी दर शनिवारी पालकांसाठीचं पत्रक लिहायला बसते.

पत्रक म्हणजे पाचवी ते आठवीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा मजकूर. वर ‘या आठवड्यात’, खाली ‘पुढील आठवड्यात’. जंताच्या गोळ्या वाटल्या, विज्ञान प्रदर्शन झालं, सोमवारी पालकसभा, गुरुवारी शिष्यवृत्तीचा जादा तास, डबे घरी विसरू नयेत. या मजकुराची भाषा मोठी सोज्वळ असते. तिच्यात प्रत्येक कार्यक्रम उत्साहात संपन्न होतो, प्रत्येक पाहुणा मोलाचं मार्गदर्शन करतो आणि पाऊस पडून मांडव कोसळला तरी वातावरण चैतन्यमय राहतं. पालक ते वाचतात की नाही, देव जाणे; उत्तरादाखल अंगठ्यांची रांग मात्र न चुकता लागते. शाळा जळाली असं लिहिलं तरी पाच मिनिटांत वीस अंगठे उमटतील, असं मी शिक्षकांच्या खोलीत म्हणत असे आणि सगळे हसत.

गेल्या हिवाळ्यात मुख्याध्यापकांनी त्या पत्रकात एक ओळ घालायला सांगितली. ते साताऱ्याहून बदलून आलेले, सज्जन, गावात एकोपा नांदावा अशी मनापासून कळकळ असलेले गृहस्थ. क्रीडासप्ताहाच्या शेवटी पालकांची रस्सीखेच ठेवावी आणि संघ आडनावांप्रमाणे करावेत, म्हणजे भाऊबंद एका दोराला लागतील आणि मुलांपुढे आदर्श राहील, ही त्यांची कल्पना. अर्ध्या गावाचं आडनाव एकच. इथल्या मुलखात एक आडनाव म्हणजे सामाईक बांध आणि सामाईक बांध म्हणजे कोर्टाच्या तारखा, हे शहरात वाढलेल्या माणसाला कोण सांगणार? गावाला ते पक्कं ठाऊक होतं. पण आपलं आपल्या चुलत भावाशी जमत नाही, हे चारचौघांच्या गटावर लिहायचं म्हणजे स्वतःच्या घराची अब्रू स्वतःच वेशीवर टांगायची. तेव्हा सगळ्यांनी अंगठे दिले. तानाजीनं दिला, संभाजीनंही दिला.

हे दोघे सख्खे चुलत भाऊ. घरांची भिंत एक, बागांचा बांध एक, आणि त्या बांधावरून वर्षभर एकमेकांशी शब्द नाही. तानाजीची सायली आणि संभाजीची गौरी मात्र सातवीत एकाच बाकावर बसायच्या, एकाच डब्यातली चटणी खायच्या आणि आमच्या खो-खोच्या संघात खेळायच्या. संघ म्हणजे काय, तर पळू शकतील अशा जेमतेम नऊ मुली. दहावी मुलगी तयार नव्हती. पण त्या नऊजणींनी तालुका मारला होता, आणि शाळेच्या आजवरच्या आयुष्यात पहिल्यांदा आम्ही जिल्ह्याला, सांगलीला जाणार होतो. ही बातमी लिहिताना ‘अत्यानंद’ हा शब्द मी खरोखरच्या अर्थानं वापरला होता.

रस्सीखेचीच्या दुपारी मैदानावर फक्कीच्या नव्या पांढऱ्या रेषा होत्या, झेंड्या लावलेल्या लोखंडी सळया होत्या आणि ऊन असं लख्ख होतं की माणसांच्या सावल्याही ठळक दिसत होत्या. संभाजी पुढे, त्याच्या मागे तानाजी. रांगेत जागा मिळेल तिथे उभे राहिले आणि नंतर जागा बदलणं दोघांनाही कमीपणाचं वाटलं असणार. शिट्टी झाली. दोर ताणला गेला, टाचा मातीत रुतल्या, पोरं किंचाळून ओरडू लागली, आणि अचानक त्यांच्या बाजूचा दोर मागून सुटला नि सगळी रांग पुढे तोंडावर आपटली. दोर कुणी सोडला, हे मला आजही माहीत नाही. संभाजी उठला तो ओठ फुटलेला. मागे वळून म्हणाला, “सोडलास न्हवं? बांध कोरून पोट भरलं न्हाई व्हय तुजं?”

तानाजीनं त्याचा हात धरला आणि बोटं उलटी वाकवली. सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. संभाजीनं दुसऱ्या हातानं शेजारची झेंडीची सळई उपटली आणि तानाजीच्या डोक्यात घातली, झेंडीसकट. एकदा, आणि तानाजी गुडघ्यावर आला तेव्हा पुन्हा. मग दोन्हीकडची माणसं धावली, आणि सोडवायला आलेली मारायला लागली. खुर्च्या फिरल्या, दगड उडाले, एका बाईनं दुसरीचे केस हातात गुंडाळून तिला फरपटत नेलं. तानाजीचं रक्त कानामागून सदऱ्यात उतरलं आणि फक्कीच्या रेषेवर पडून तिथे गुलाबी चिखल झाला. मला राग आला होता, भीती वाटायच्याही आधी राग. मी छडी न वापरणारी बाई. त्या क्षणी हातात छडी असती तर मीही कुणाला तरी हाणलं असतं.

सायली आणि गौरी गुणफलकाजवळ हातात हात धरून उभ्या होत्या. गौरीच्या आईनं येऊन तिला वेणीला धरून ओढलं तरी ते हात सुटेनात. शेवटी त्या बाईनं सायलीच्या मनगटावर थाप मारून ते सोडवले. सायली बापाकडे धावली नाही. ती तिथेच उभी राहून ते गुलाबी झालेलं पांढरं पाहत राहिली.

तानाजीला टाके पडले, संभाजीच्या हाताला प्लॅस्टर आलं, दोन्हीकडच्या तक्रारी पोलिसांनी लिहून घेतल्या. शनिवार आला. मुख्याध्यापक माझ्या बाकाशी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा तीन दिवसांत उतरला होता. “मॅडम, क्रीडासप्ताह उत्साहात पार पडला, एवढंच लिहा. उगाच कशाला...” मी त्यांच्याकडे न पाहता लिहिलं: ‘या आठवड्यात: मुलांच्या मैदानावर, मुलांच्या डोळ्यांदेखत मोठ्यांनी एकमेकांची डोकी फोडली. पुढील आठवड्यात: गुरुवारी सांगली येथे मुलींचे जिल्हास्तरीय खो-खो सामने. संघ तोच.’ आणि पाठवून दिलं. त्या दिवशी एकही अंगठा आला नाही.

‘संघ तोच’ हे लिहिणं सोपं होतं. एक जरी मुलगी घरी राहिली तरी नवाच्या आठ होणार आणि आठांचा संघ मैदानात घेत नाहीत. म्हणून मी रविवारी दोन्ही घरी गेले. सायलीची आई दारातच बसलेली, समोर ताटात तांदूळ, पण निवडणं थांबलेलं. “पोरगी यील बाई. तिच्या बापाला सुदीत आल्यावर पैलं इचारलं, तर त्यो बी जाऊ दे म्हनला. पन त्या घरच्या पोरीचा हात हिच्या अंगाला लागता कामा न्हाई. बापाची आन घातलीया मी तिला.” भिंतीपलीकडे गौरीच्या आईनंही पोरीला तीच शपथ घातली होती, जवळजवळ त्याच शब्दांत. दोघींनाही मी सांगायला हवं होतं की खो-खो हा खेळ एकमेकींना शिवल्याशिवाय होतच नाही. सांगितलं असतं तर पोरी आल्या नसत्या. मी चहा घेतला आणि उठले.

सांगलीला जाताना जीपमध्ये दोघी दोन टोकांना बसल्या. बाहेर उसाचे फड, विटांच्या भट्ट्या, माधवनगरच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंती, आणि त्या सगळ्यावर धुक्यातून गाळून आल्यासारखं सकाळचं फिकट ऊन. एरवी या पोरी प्रवासात गाण्यांच्या भेंड्यांनी माझा जीव खातात. त्या दिवशी जीपमध्ये फक्त इंजिनाचा आवाज होता.

खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठजणी दोन खांबांमध्ये एका ओळीत बसतात, एक आड एक उलट दिशांना तोंडं करून. नववी पळते आणि समोरच्या संघाच्या धावणाऱ्या मुलींचा पाठलाग करते. तिला वळून मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. मुलगी पलीकडच्या बाजूला निसटली की बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायचं, मग ती उठून पळते आणि हिनं तिच्या जागी बसायचं. सारी गंमत त्या थापेच्या वेळेत असते. आमच्या पहिल्या पाळीत गौरी सायलीच्या मागून वाऱ्यासारखी निघून जाई, थाप दुसरीलाच देई. सायली पळत असली की तीही गौरीची पाठ ओलांडून पुढे जाई. समोरच्या पोरी मिरजेकडच्या, खेळून तयार झालेल्या. त्यांना हे कळायला वेळ लागला नाही. या दोघींपैकी एक पळत असली की आमच्या ओळीत दुसरीची जागा मेलेली असते, तिथून कुणी उठत नाही, हे ओळखून त्या नेमक्या त्या जागेभोवती घुटमळू लागल्या, अगदी सायलीच्या नाकासमोर उभं राहून दम खाऊ लागल्या. एक तर हसली. आमचे गुण कमी पडत गेले. मध्यंतरात मी पोरींना नुसतं पाणी दिलं; ज्याची आण घातली आहे त्या बापाच्या डोक्यातले टाके अजून ओले होते.

दुसऱ्या पाळीत तेच. गौरी पळत होती, समोरची पोर सायलीच्या जागेपाशी येऊन थांबली, जणू घराच्या ओट्यावर आली आहे. गौरी मागून येत होती, आणि पुन्हा पुढे निघून जाणार हे सगळ्या मैदानाला दिसत होतं. तेवढ्यात बसलेली सायली मान न वळवता, घशातल्या शिरा ताणून ओरडली, “मार की गं! मार!”

गौरीनं मारलं. थाप नव्हती ती. तिनं पळता पळता सगळं अंग त्या हातात घातलं होतं. आवाज मैदानाच्या कडेपर्यंत आला, पंचांनी चमकून पाहिलं, शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि खाली घेतली, कारण खो पाठीवर द्यायचा असं नियमात आहे, किती जोरानं द्यायचा हे लिहिलेलं नाही. सायली उठली तीच मुळी झेपावत, आणि ती हसरी पोर जागची हलायच्या आत तिच्या घोट्याला धरून दोघी मातीत लोळल्या. त्यानंतर जे झालं ते पाहायला मला धीर लागला. सायलीनं गौरीला खो दिला तो तितक्याच ताकदीनं, आणि गौरीनं परत तसाच. एकमेकींना त्या अक्षरशः बडवत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दात घट्ट आवळलेले होते, आणि समोरच्या मुली बाद होत होत्या, एकामागून एक. बाकीच्या सातजणी भेदरून पाहत होत्या. मला वाटलं, थांबवावं. मला असंही वाटलं की थांबवलं तर काहीतरी कायमचं अर्धवट राहील.

एका गुणानं हरलो. मी पोरींना उसाचा रस पाजला आणि परत निघालो. त्या दोघी अजूनही दोन टोकांनाच बसल्या होत्या, पण सायली पाठ टेकवत नव्हती आणि गौरीनंही टेकवली नव्हती.

गावात शिरलो तेव्हा बेदाण्याच्या शेडमधून गंधकाचा वास येत होता आणि सूर्य बागांच्या तारांवर टेकला होता. शाळेच्या फाटकाशी दोन्ही घरं उभी होती, रस्त्याच्या दोन बाजूंना. एकीकडे डोक्याला पट्टी बांधलेला तानाजी, दुसरीकडे गळ्यात हात अडकवलेला संभाजी, आणि मध्ये रस्ता करायला आणून टाकलेल्या खडीचा ढीग. मला प्रथम तो ढीगच दिसला. सायलीच्या आईनं पुढे येऊन लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि पोर कळवळून पुढे वाकली. आईनं गळपट्टी मागे ओढून आत पाहिलं. पाच बोटं, लालभडक, एकावर एक उमटलेली.

“कुनी मारलं तुला?”

गौरी जीपच्या पायरीवर होती. ती उतरता उतरता थांबली. तानाजीनं मान वर केली. उत्तर काय आहे हे तिथे प्रत्येकानं ओळखलं होतं.

“मीच मागितला हुता,” सायली म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. आण मोडल्याचं तिच्या ध्यानात आलं असणारच; पण तिनं गळपट्टी सारखी केली, कोपऱ्यावरची घडी बोटानं नीट केली, आणि चल म्हणाली. संभाजीनं प्लॅस्टर नसलेल्या हातानं गौरीला खाली उतरवून घेतलं. भांडण मिटलं असं काही नाही. कोर्टाच्या तारखा पडतातच आहेत. सायलीनं मैदानावर त्या क्षणी काय मागितलं होतं, मार की हात, हे मला अजून सांगता येत नाही. मी फक्त एवढं पाहिलं की तानाजीची मोटरसायकल निघाली, पोर मध्ये बसली, आई मागे, आणि खड्ड्यांचा रस्ता असूनही आईनं पोरीच्या पाठीला हात लागू दिला नाही. दृष्टीआड होईपर्यंत तो तळवा त्या पाठीपासून बोटभर अंतरावर, हवेत धरलेला होता.