चंद्रप्रकाशची दोन वाक्यं

साकीनाक्याच्या एका शेडमध्ये चंद्रप्रकाश नळाच्या तोट्यांना पॉलिश मारायचा. फिरत्या चाकावर पितळ दाबून धरायचं, ते सोन्यासारखं झळकेपर्यंत सोडायचं नाही, आणि त्यातून उडणारी काळी भुकटी दिवसभर अंगावर घ्यायची. मुळात रंगाने काळा. संध्याकाळी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत परतायचा तेव्हा नुसते डोळे आणि दात ओळखू यायचे. नळावर तोंड धुताना बाया म्हणायच्या, "चंदू, किती घासशील रे? खालून परत काळाच निघणार आहेस." तो हसायचा, ओला टॉवेल डोक्यावरून पदरासारखा ओढून घ्यायचा आणि मान अशी काही वळवायचा, की चिडवणारीच लाजून घागर उचलायची.

त्या मानेच्या वळणावर खरं तर एक मोठा रंगमंच हक्क सांगू शकला असता. पण मोठ्या रंगमंचावर बोलावणार कोण? एका स्पर्धेत त्याने बाईची भूमिका केली, तेव्हा रंगभूषाकाराने गुलाबी रंगाचा थर चढवायला घेतला. चंद्रप्रकाशने त्याचा हात धरला. "काळी बाई रडत नाही काय हो? तिला नवरा नसतो?" तो तसाच, स्वतःच्या रंगात उभा राहिला. परीक्षकांनी नंतर सांगितलं, अभिनय उत्तम, पण स्त्रीभूमिकेला वर्ण शोभत नाही. बक्षीस गेलं. चंद्रप्रकाशने मात्र त्यानंतर कधीच चेहरा उजळ केला नाही.

कलेचा वारसा घरातलाच. वडील धाकू चळवळीच्या जलशात गायचे. आवाज खडा, पण आठवण दगाबाज. गाणं ऐन रंगात आलं की पुढचं कडवं गायब. मग बायांच्या घोळक्यात बसलेली त्यांची बायको द्रौपदी तिथूनच पुढची ओळ फेकायची, खणखणीत, अजिबात न लाजता. लोक हसायचे, धाकू ओळ उचलायचे आणि जलसा पुढे चालायचा. वस्तीत बोललं जायचं, गाणारा धाकू, पण गाणं सगळं द्रौपदीच्या पोटात. धाकू गेले. द्रौपदीचे केस पिकले. समाजमंदिरात कुणी भाषणात अडखळलं तरी तिचे ओठ हलायचे.

गिरणी संपानंतरची ती वर्षं. वस्तीतले निम्मे पुरुष बेकार, आणि बेकारांच्या हाताला काम नाही तर निदान नाटक तरी असावं म्हणून भाऊरावांनी मंडळ चालू ठेवलेलं. भाऊराव स्वतः गिरणीतले. करडा माणूस, शब्दाचा पक्का. कामगारांच्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं ठरलं आणि चंद्रप्रकाशने एकांकिका लिहून आणली. गोष्ट साधी. गंगाराम नावाचा म्हातारा, एकेकाळी तमाशाच्या फडात बाई होऊन नाचलेला. गाव सुधारलं, फड मोडला. गावकरी दारात येऊन म्हणतात, लुगड्यांची पेटी बाहेर काढ, जाळू. गंगाराम पेटीवर बसून राहतो. बस्स, एवढंच नाटक. एक माणूस, एक पेटी, आणि कोपऱ्यात ढोलकी.

भाऊरावांनी वाचून वही मिटली. मग म्हणाले, "चंदू, आपल्या लोकांना लुगडी नेसवून नाचवलं त्यांनी. आपल्या जलशांनी तो नाच्या केव्हाच बाहेर काढला. तू त्याला परत आत आणतोस?"

"बाहेर काढला, मान्य. पण भाऊ, तो गेला कुठे? त्याला कुणी विचारलं?"

भाऊरावांनी वही परत केली. वर तालीम सुरू करायला समाजमंदिराची किल्ली दिली.

सगळं नाटक दोन वाक्यांवर तोललेलं होतं. गावकरी म्हणतात, तू पोटासाठी नाचलास, आता पोटाला मिळतंय, मग पेटी कशाला? तेव्हा गंगाराम म्हणतो, "पदर मी पोटासाठी घेतला, असं तुम्ही म्हणता." आणि मग ती दोन वाक्यं: "पोट भरल्यावरही मला तो सोडवेना, हे कुणाला सांगू? आणि ज्या ढोलकीवाल्यासाठी मी तो सावरला, त्याचं नाव कुणापाशी घेऊ?" या 'घेऊ'वर ढोलकीची एकच थाप. मग शांतता.

थाप द्यायचा दादू. वस्तीतलाच, चंद्रप्रकाशच्या वयाचा, विजेच्या फिटिंगची कामं करणारा. बोटं लांबसडक, बोलणं कमी. ही वाक्यं कुणासाठी लिहिली ते दादूला पहिल्या वाचनातच कळलं होतं. त्याने ढोलकीची दोरी ओढली, सैल केली, पुन्हा ओढली.

तालीम समाजमंदिराच्या उघड्या पडवीत चालायची, समोरच नळ. दोन महिन्यांत अख्ख्या वस्तीला नाटक पाठ झालं. पोरं पेटीसारखी दगडावर बसून गंगाराम व्हायची. रॉकेलच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणायची, "भरलं ना तुझं डबडं? मग सोड की रांग!" आणि दुसरी म्हणायची, "भरल्यावरही सोडवेना गं, कुणाला सांगू!" हशा पिकायचा.

मग संहिता सेन्सॉरकडून परत आली. पानापानावर शिक्का, आणि त्या दोन वाक्यांवर लाल रेघ. कारण लिहिलं होतं: अनैसर्गिक भावनांचं उदात्तीकरण.

भाऊरावांनी पडवीत उभं राहून सगळ्यांसमोर ते वाचलं. "ही वाक्यं स्टेजवर कुणी उच्चारायची नाहीत. मी लिहून दिलंय. सेन्सॉरचे साहेब स्वतः शिक्क्याची प्रत घेऊन पुढे बसणार. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर परवाना गेला, मंडळ बंद, वर पोलिसांची भानगड. कळलं?" दारातल्या पायरीवर द्रौपदी तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं की नाही, कोण सांगणार? तिची मान खालीच होती.

चंद्रप्रकाशने कापल्यानंतरचा नवीन जोड पाहिला. "पदर मी पोटासाठी घेतला, असं तुम्ही म्हणता." आणि लगेच पुढचं, "असू दे. घेऊन जा पेटी." दोन वाक्यं गेली होती एवढंच नव्हतं. गंगाराम आता गावकऱ्यांचंच खरं म्हणत होता. ज्यांच्याशी भांडायला तो पेटीवर बसला, त्यांचाच साक्षीदार झाला होता. "यापेक्षा नाटकच कापलं असतं तर बरं," तो शकुला म्हणाला. शकु भाऊरावांची मुलगी, विंगेत उभं राहून वाक्यं पुरवण्याचं काम तिचं.

त्या रविवारी तो आणि दादू मनोरीला गेले. मार्व्याच्या धक्क्यावरून होडी पलीकडे गेली की दोघांचेही खांदे जरा सैल व्हायचे. तिथे सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमागे बसलं तर कुणी ओळखीचं भेटत नसे.

"मी ती वाक्यं म्हणणार," चंद्रप्रकाश म्हणाला. "होऊ दे काय व्हायचं ते."

"वेडा झालास काय? मंडळाची वाट लागेल."

"मंडळाचं बोलतोयस की स्वतःचं?"

दादूने वाळूत बोट फिरवलं. "वैशाखात माझं लग्न आहे, चंदू. रत्नागिरीकडची आहे. आईने ठरवलं. तू ते बोललास की सगळे वळून ढोलकीकडेच बघणार. कापलं ना त्यांनी? मग राहू दे ना यार. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू."

चंद्रप्रकाश समुद्राकडे बघत राहिला. इकडे सेन्सॉर, तिकडे भाऊरावांचा शब्द, त्या दोघांना तो कसातरी तोंड देऊ शकला असता. पण तिसरी भिंत दादूची होती, आणि तिच्यावर डोकं आपटायची त्याची हिंमत नव्हती. परतताना होडीत दोघे दोन टोकांना बसले.

"नाही म्हणणार," धक्क्यावर उतरताना तो म्हणाला. "शब्द देतो."

प्रयोग मुलुंडच्या एका हॉलमध्ये, भर दुपारी. वस्ती ट्रकने आली होती, बाया, पोरं, डबे, सगळं घेऊन. पहिल्या रांगेत सेन्सॉरचे साहेब, मांडीवर प्रत, हातात पेन्सिल. तिसऱ्या घंटेला पडदा वर गेला आणि पेटीवर गंगाराम दिसला. काळाभोर चेहरा, कपाळ मोकळं, अंगावर धोतर आणि बंडी. पण त्याने गुडघ्यावर हात ठेवला मात्र, साऱ्या हॉलला तिथे निऱ्या दिसल्या. असं नटाला आयुष्यात एखाद्या वेळीच साधतं. त्या दुपारी चंद्रप्रकाशला साधलं होतं.

ती जागा आली.

"पदर मी पोटासाठी घेतला," तो म्हणाला, "असं तुम्ही म्हणता."

पुढे 'असू दे' म्हणायचं होतं. शब्द तोंडात होता. वळेना. त्याने दादूला वचन दिलं होतं, ते मोडायचंही नव्हतं. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. विंगेतून शकुचा दबका आवाज, "असू दे... चंदूदादा, असू दे..." साहेबांची पेन्सिल थांबलेली. भाऊरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला. प्रकाशाच्या त्या गोलात चंद्रप्रकाश पेटीवर बसून होता आणि घाम कानशिलावरून ओघळत होता. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

आणि मधल्या रांगांतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"पोट भरल्यावरही मला तो सोडवेना, हे कुणाला सांगू?"

सगळ्या माना वळल्या. द्रौपदी बसल्या जागी हनुवटी वर करून स्टेजकडे बघत होती, जशी धाकूकडे बघायची. पोरगा उचलत नाही असं पाहून तिने पुढची ओळही फेकली. "आणि ज्या ढोलकीवाल्यासाठी मी तो सावरला, त्याचं नाव कुणापाशी घेऊ?"

'घेऊ'वर थाप पडली.

दादूने ती दिली असं म्हणावं, तर त्याचा चेहरा पांढराफटक होता. दोन महिन्यांच्या तालमीत हाताला जे वळण लागलं होतं, त्या वळणाने हात पडला होता. त्याने तो उचलून दुसऱ्या हातात धरला, जणू भाजलाय. चंद्रप्रकाशने त्याच्याकडे पाहिलं नाही. पेटीवरून उठला, पुन्हा बसला, आणि 'असू दे' न म्हणताच नुसती मान हलवून उरलेलं नाटक पुरं केलं.

पडदा पडताच साहेब विंगेत आले. "कापलेला मजकूर बोलला गेला."

भाऊराव पुढे झाले. "स्टेजवरून नाही गेला, साहेब. तुम्हीच प्रत बघून सांगा, माझा नट एक अक्षर बोलला का? म्हातारी आहे. तिला वाटलं पोरगा विसरला."

"आणि ढोलकी?"

"ढोलकीला कुठे शब्द असतात, साहेब?"

साहेबांनी प्रत मिटली. भाऊरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि चंद्रप्रकाशकडे न बघता त्याच्या पाठीवर एक हात ठेवला, क्षणभरच.

ट्रकमधून परतताना वस्ती गाणी म्हणत होती. चंद्रप्रकाश आईशेजारी बसला.

"आई, तुला खरंच वाटलं मी विसरलो?"

"विसरला नव्हतास, तर थांबलास कशाला?"

त्याने तिच्या मांडीवरचा डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला.

बक्षीस मिळालं नाही. पुढच्या प्रयोगाची परवानगी मागितली, ती आलीच नाही. नकारही आला नाही. पेटी समाजमंदिराच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर खुर्च्या रचल्या गेल्या. सगळे वळून ढोलकीकडे बघतील ही दादूची भीती खोटी ठरली. किंवा बघितलंही असेल, बोललं कुणी नाही. वैशाखात त्याचं लग्न लागलं. पंचशील झालं, हार झाले, चंद्रप्रकाशने पंगतीत पाणी वाढलं. दादूच्या पानापुढे आला तेव्हा दोघांनीही ग्लासाकडेच पाहिलं. ढोलकी त्या दिवशी भाड्याच्या माणसाने वाजवली.

संध्याकाळी चंद्रप्रकाश नळावर आला. तोंडावर त्या दिवशी भुकटी नव्हती, तरी घासत राहिला. बाया घागरी लावून उभ्या होत्या. कुणी चिडवलं नाही. मग त्यांच्यातली एक थोराड बाई आपली घागर बाजूला सारत, न हसता, हळू म्हणाली, "सोडवेना ना रे? कुणाला सांगणार? घे, तू आधी पाणी घे."

घरी द्रौपदी चुलीपाशी बसली होती. तो उंबऱ्यातच बसला. आत यायला जागा होती, पण त्याला आत यावंसं वाटेना, बाहेर जायला तर कुठेच नव्हतं. मांडवातली गाणी तिथपर्यंत ऐकू येत होती.

भाकरी उलटताना तिने मागे न बघताच म्हटलं, "वाक्यं बोलले मी, बाळा. नाव नाही घेतलं."