राहुरीच्या लेखिकेला मी पुरुष ठरवलं

हे आत्ताच सांगते, उद्या धीर होणार नाही. राहुरीहून परतले ती पिशवीही न सोडता टाइपरायटरपाशी बसलेय.

पुण्यात मी जुन्या मासिकांतल्या लेखिकांवर संशोधन करते. त्यात एक ‘सौ. सुमन’ भेटली. तिची शाळा नगरची, एवढं मासिकात दिलेलं. तिथली जुनी रजिस्टरं पालथी घातली, पण सुमन कुठेच नाही. मग लेखात ठोकून दिलं, की बाईच्या नावानं कुणी पुरुष लिहीत होता. तेव्हा बरेच जण लिहायचेच की! लेख छापून आला, मी पेढे वाटले. महिन्याभरात राहुरीहून पोस्टकार्ड. “त्या कथा माझ्या सासूबाईंच्या आहेत, येऊन बघून जा.”

एसटीनं निघाले. केडगावच्या अलीकडे दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. शेजारच्या आजींनी विचारलं, कुणाकडं? म्हटलं, एका लेखिकेकडे. “बाई लिवती व्हय? मग भाकरी कोन करतं?” अख्खी गाडी हसली. मीही हसले.

सुमनबाईंनी आधी जेवायलाच बसवलं. भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण). मग सुनेनं कागदांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. एक प्रकाशक बायकांच्या कथांची माला काढतोय, त्यात सुमनबाईंचं पुस्तक ठरलं होतं. आयुष्यातलं पहिलं. माझा लेख वाचून त्यानं गठ्ठा परत पाठवला.

“पुरुषाचं लिखान चालत न्हाई म्हनं,” सून म्हणाली. “आता आत्याबाईंना मिशा लावू का?”

आणि रजिस्टरात नाव का नव्हतं? शाळेत त्या गोदावरी होत्या. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सुमन’ लिहिलं. माझ्या आईचंही नाव असंच बदललंय, तरी मला सुचलं नाही!

मी घाईघाईनं दुरुस्ती छापते म्हटलं, प्रकाशकाला पत्र लिहिते म्हटलं. सुमनबाई ऐकून घेत होत्या.

“छाप,” त्या म्हणाल्या. “पण माझी पहिली कथा वाचली होतीस का गं?”

शीर्षक, सही, साल उतरवून घेतलं होतं. कथा राहूनच गेली होती.

गठ्ठ्यातून तिचं छापील कात्रण मागून घेतलं आणि परतीच्या गाडीत वाचली. नवी सून विहिरीवर उभी आहे. मागून सासू नव्या नावानं हाका मारतेय आणि पोरगी वळतच नाही, हाक दुसऱ्याच कुणाला आहे असं समजून वाट देते. सगळं तिथंच छापलेलं होतं.

प्रकाशकाचं पत्र आधी टाइप केलं, मग हे. मालेची पुस्तकं छपाईला गेलीत म्हणे, तो थांबेल असं वाटत नाही.

खरं सांगा, न वाचताच कुणाबद्दल तुम्हीही असं काही ठरवून टाकलंय का कधी?