बोल्टचं चित्र

बर्मिंगहॅमच्या ऑफिसात मी पूल तपासणाऱ्या टीममध्ये होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला सेव्हर्न नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाचं वेड लागलं. ओतीव लोखंडाचा तो जगातला पहिला मोठा पूल. दर शनिवारी ट्रेन, मग बस करून मी तिथे जायची आणि वहीत त्याचे सांधे काढत बसायची.

पूल ओतला लोखंड गाळणाऱ्या एका घराण्याने. आजोबांनी लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड गाळलं, नातवाने त्याच भट्ट्यांच्या जोरावर पूल उभारला. पण एवढे मोठे तुकडे जोडायचे कसे, हे तेव्हा कोणालाच धड ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सुताराची रीत उचलली: खाच, खाचेत बसणारी जीभ, वरून ठोकलेली पाचर. माझे बाबा कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवायचे. तो सांधा पहिल्यांदा पाहिला आणि मला हसूच फुटलं. हे तर आमच्या घरातलं काम! काही अडलं की बाबांना फोनवर विचारायचं म्हणून मी चित्राखाली मराठीत टिपून ठेवायची.

एकदा माझ्या सीनिअरने वही मागितली. "सहज चाळतो, सोमवारी देतो." महिना झाला तरी वही परत आली नाही.

त्याच महिन्यात पुलावर गाईडचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या फोनमधले वहीचे फोटो बघून माझी चूक दाखवली. एका सांध्याच्या चित्रात मी बोल्ट दाखवून शेजारी इंग्रजीत 'मूळचे' असं लिहिलं होतं. "ते नंतरच्या दुरुस्तीतले," त्या म्हणाल्या. "त्या घराण्याने इथे एकही बोल्ट वापरला नाही."

मी सीनिअरला तसा ईमेल लिहिला. पाठवणार, तेवढ्यात ऑफिसच्या बोर्डावर पोस्टर दिसलं. ते घराणं आणि त्यांचा पूल, या विषयावर त्याचं व्याख्यान. चित्रं माझी, नाव त्याचं.

मी त्याच्या टेबलापाशी गेले. "ही चित्रं मी काढलीत."

"टीमचंच काम आहे ना ते?" तो हसला. "तू फार मनाला लावून घेतेस."

जागेवर येऊन मी तो ईमेल डिलीट केला.

व्याख्यानाला हॉल भरला होता. मी दुसऱ्या रांगेत बसले, शेजारी मी बोलावलेल्या त्या गाईडबाई. बोल्टचं चित्र पडद्यावर आलं. "हा सांधा मी स्वतः तासन्‌तास पाहिलाय," तो म्हणाला. "बोल्टची कल्पना या घराण्याचीच."

मी हात वर केला. "हा सांधा पुलाच्या कुठल्या बाजूला आहे?"

तो थांबला. "अं... शहराच्या बाजूला."

"पलीकडच्या. आणि हे बोल्ट दुरुस्तीतले आहेत."

गाईडबाईंनी मोठ्याने "करेक्ट" म्हटलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"बरं," मी म्हटलं, "तुमच्या चित्राखाली काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवाल?"

ती मराठी ओळ कापून टाकायचं त्याला सुचलंच नव्हतं. तो मान वळवून पडद्याकडे बघत राहिला. मग मीच उठून ती मोठ्याने मराठीत वाचली आणि इंग्रजीत अर्थ सांगितला: 'हे कसं ओतलं असेल? बाबांना विचारायचं.'

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "चूक ठाऊक असताना तू लोकांपुढे जाऊ दिलीस?"

"हो."

"कामात असं करू नये."

बाबांचं बरोबर होतं. तरी मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वही व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. वर्ष संपायच्या आत सीनिअरने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. निरोपाच्या चहाला तो एकेकाशी शेकहॅण्ड करत माझ्यापर्यंत आला. मी कप दोन्ही हातांनी धरला आणि तो पुढे जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.