रामीबाईची गळाभेट

रामीबाई राठोड रडायची तसं रडणारी बाई अख्ख्या पंचक्रोशीत नव्हती. नाक मुरडू नका, हे कौतुकानंच सांगतोय. बोरी अरबजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यात दोन बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या, तर नुसतं ‘कशी आहेस’ विचारून भागत नाही. एकमेकींच्या गळ्यात पडायचं, गळा मोकळा सोडायचा आणि मधल्या काळात काय काय घडलं ते सुरात, शब्दाला शब्द जोडत रडून सांगायचं. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली, कोण गेलं, सगळं. मग डोळे पुसायचे आणि चहा टाकायचा. यात रामीबाईचा हात कोणी धरत नसे. लग्नाआधी नवऱ्यामुलींना सासरी जातानाचं रडणं शिकवायलाही तिलाच बोलावणं यायचं.

मुलगा सुनील आणि सून ऊसतोडीला गेले की नात मोनाली आजीपाशी. पोर बोलायला लागली तशी रडायलाही आजीपाशीच शिकली. पण पोरगी हुशार निघाली आणि आठवीत सुनीलनं तिला यवतमाळच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. पोरं-पोरी एकत्र शिकतात, मुलींचं होस्टेल मागच्या अंगाला, सगळा कारभार सिस्टर लोकांच्या हातात. रामीबाईला ते पसंत नव्हतं, पण घरात तिचं ऐकतो कोण?

पोळा झाल्यावर ती पहिल्यांदा नातीला भेटायला गेली. मधली सुट्टी होती. मोनाली फाटकाशी आली मात्र, रामीबाईनं तिला कवटाळलं आणि असा हंबरडा फोडला की पहाऱ्यावरचा माणूस खुर्चीवरून उठून उभाच राहिला. अर्धी शाळा फाटकाशी गोळा झाली. होस्टेलच्या म्हाताऱ्या सिस्टर थ्रेसिया, मूळच्या केरळच्या, पाण्याचा ग्लास घेऊन धावत आल्या. “आजी, कोण वारलं?” त्यांनी घाबऱ्याघाबऱ्या विचारलं.

रामीबाई रडता रडता थांबली. “मरन कायले? माही नात भेटली ना मले!” असं म्हणून ती पुन्हा सुरू झाली. सिस्टरांच्या हातातलं पाणी अर्धं सांडलं. मागे पोरं खिदळत होती, पण रामीबाईचं तिकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्यांदा ती संक्रांतीनंतर गेली. पिशवीत तिळाचे लाडू, आणि पोटात साठवलेलं तर केवढं! मोनाली आली. पांढरे मोजे, दोन घट्ट वेण्या, रिबिनी. आजीनं हात पसरले. पोर हातभर अंतरावर थांबली, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “गुड आफ्टरनून, दादी.”

रामीबाईचे हात तसेच हवेत राहिले. कोणी थोबाडीत मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. पोर लाडवांची पिशवी घेऊन, मान खाली घालून आत गेली, आणि आजी परत बसस्टँडवर कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. घरी आल्यावर तिनं ताट बाजूला सारलं.

“पोरगी खाल्ली त्या शाळेनं,” ती सुनीलला म्हणाली. “रडनंच इसरली थे. आता आपली राह्यली नाई. आन तिले घरी.”

“याडी, दहावी तं होऊ दे तिची,” सुनील म्हणाला. आईला तो याडीच म्हणायचा. “शिकून राह्यली चांगली, काहून मधातून काढतं?”

पण रामीबाईचं ठरलं होतं. मोनाली नववीत गेली आणि सुनील कामावर बाहेर पडला, तशी एक दिवस पोरीचं सामान भरून आणायला मोठी रिकामी पिशवी काखेत मारून म्हातारी एकटीच एसटीत चढली. प्राचार्यांना काय काय सुनवायचं ते बोरीपासून यवतमाळपर्यंत मनात घोळवत गेली.

फाटक सताड उघडं होतं. आत एवढी थोरली शाळा, शेकड्यानं पोरं-पोरी रांगेत उभी, आणि आवाज म्हणून नाही. मोनालीच्या वर्गशिक्षिका रजनी मॅडम दिसल्या, तशी रामीबाईनं त्यांचा हातच धरला.

“सिस्टर थ्रेसिया गेल्या, आजी,” मॅडम हळूच म्हणाल्या. “सकाळी प्रार्थनेला बसल्या त्या उठल्याच नाहीत.”

हॉलमध्ये शवपेटी ठेवली होती. पांढऱ्या फुलांत सिस्टरांचा चेहरा. मुलं एकेक करून पुढे जात, फूल ठेवत, खाली मान घालून निघून येत. कोणी रुमालानं डोळे टिपत होतं, तेही चोरून. रामीबाई हादरलीच. मेलेल्या माणसावर कोणी गळा काढत नाही? तांड्यात वैऱ्याच्याही मयताला असं मुक्यानं पाठवत नाहीत. “कोनीच काहून रडत नाई इथं?” तिनं विचारलं.

तेवढ्यात नववीची रांग आली. मोनाली पेटीजवळ पोचली. फूल तिच्या हातातच राहिलं. ती खाली बसली, दोन्ही हात पेटीवर टाकले, आणि “याडी ये...” असा सूर लागला, की हॉलच्या पार टोकाला उभी असलेली पोरंही दचकली. एक सिस्टर लगबगीनं पुढे निघाल्या, पण प्राचार्यांनी त्यांना हातानंच थांबवलं.

“काय म्हणतेय ती?” रजनी मॅडमनी विचारलं. पोर तांड्याच्या बोलीत रडत होती आणि ती बोली तिथं एकट्या रामीबाईला समजत होती. ती भिंतीला टेकून ऐकू लागली.

मोनाली रडत होती, की माझी दादी फाटकात रडली तर पोरं हसली, जेवणाच्या रांगेत तिची नक्कल केली, एक तूच हसली नाहीस. मी गळा आवळून धरला, दादी आली तरी सोडला नाही. दादीचे हात हवेतच राहिले, हे मी तुलाच सांगितलं. तू म्हणालीस, पुढच्या वेळी मोकळी रड, मी फाटकात उभी राहते, बघू कोण हसतं. तुझी आई केरळात वारली, तू पोचेस्तोवर तिला माती दिली होती, तुला रडायला मिळालं नाही. तू म्हणालीस, मी मेले तर माझ्यासाठी असं कोण रडेल गं? मी म्हटलं, मी रडेन. तेव्हा तू हसलीस. आता ऊठ आणि ऐक, याडी ये...

“आजी?” मॅडमनी पुन्हा विचारलं.

“सिस्टरले शब्द देल्ला होता, त्याप्रमानं रडून राह्यली पोरगी,” रामीबाई कशीबशी म्हणाली. ज्या शाळेला ती महिनोन् महिने शिव्या घालत होती, त्याच शाळेतल्या एका परक्या बाईनं तिच्या नातीचं रडणं जपलं होतं. आणि आपण आज काय करायला आलो होतो? तिला स्वतःचीच शरम वाटली.

मोनालीनं डोळे पुसले, वळली, आणि तिला भिंतीशी उभी आजी दिसली. शाळेदेखत पोर धावत आली, गळ्यात पडली आणि रडायला लागली. हातभर अंतरावर उभी राहिली होती त्या दिवसापासूनचं सगळं सांगत. कोणी हसलं नाही. आता आजीनं उलट रडायचं, ही रीत. रामीबाईनं तोंड उघडलं, पण जन्मभर इतरांना शिकवलेल्यातला एक शब्द तिला सापडेना. ती नुसती पोरीच्या वेण्यांवरून हात फिरवत राहिली.

तिच्या काखेतली पिशवी केव्हाच खाली पडली होती. रजनी मॅडमनी ती उचलली. “आजी, तुमची पिशवी. पण ही तर रिकामीच आहे.”

“हो बाई,” रामीबाई म्हणाली, “रिकामीच न्याची हाय.”