पोळ्याच्या दिवशी उघडलेला कार्बोरेटर

माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा मी अर्धवट वाचून केल्या. न वाचलेला माणूस निदान कोणाला तरी विचारतो. पुरतं वाचलेल्याला विचारावं लागत नाही. मी दोघांच्या मधला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पवनीला आमचे घरचे हातमाग आणि लुगड्यांचं दुकान. या धंद्यात जीपगाडीचं काही काम नव्हतं, तरी मी घेतली. चिखल्याच्या खाणीकडे कुण्या ठेकेदारानं वापरून वापरून टाकलेली पेट्रोलची जीप. तिच्या सांदीसांदीत मँगनीजची काळी धूळ बसलेली. कितीदाही धुतली तरी अंगणात काळा ओघळ जायचा आणि आई विचारायची, "गाडी धुऊन राहिला का कढई घासून राहिला?"

गाडी चालायची, पण तिच्या मनात आलं तर. मधेच खोकायची, गचके द्यायची, उतारावर रुसायची. आमच्याकडचे मिस्त्री ट्रकपासून धानाच्या शेतावरल्या पंपापर्यंत सगळं दुरुस्त करायचे. त्यांचं म्हणणं एकच, "भाऊ, कार्बोरेटर कचऱ्यानं भरला. खोलून साफ करू, अर्ध्या दिवसाचं काम."

पण तेव्हाच मी नागपूरच्या रद्दीवाल्याकडून एक विलायती मासिक आणलं होतं. त्यात रंगीत चित्रासकट लिहिलं होतं की कार्बोरेटरचे दिवस भरले, आता फ्युएल इंजेक्शन. कार्बोरेटरमध्ये हवा जाता जाता पेट्रोल ओढून नेते, जमेल तेवढं. इंजेक्शनमध्ये पंप मोजून मापून पेट्रोल आत सोडतो. पुढची दोन पानं फाटलेली होती. माझा अभ्यास तिथंच पूर्ण झाला.

ही विद्या मी बायकोला समजावून सांगितली. "कार्बोरेटर म्हणजे काढा, अन् इंजेक्शन म्हणजे सुई."

आमच्या भागात सुईला केवढा मान! डॉक्टरनं नुसत्या गोळ्या दिल्या तर लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे. बायको लगेच म्हणाली, "मंग सुईच द्या ना. काढा कायले पाजता?" दोन दिवसांत गल्लीभर झालं की यांच्या गाडीला सुई देणार आहेत. येणारा-जाणारा बॉनेटवर हात ठेवून ताप पाहायचा.

मिस्त्रींनी मात्र मासिक उलटं-सुलटं पाहिलं आणि परत दिलं. "पेट्रोलच्या गाडीले हे सामान आपल्याकडं भेटत नाही, भाऊ. इंजेक्शनच पाहिजे तं डिझेलचं इंजिन बसवा. त्याच्यात इंजेक्शनच असते. तुमच्या सासऱ्याच्या शेतावरल्या पंपातबी तेच आहे."

विलायती मासिकातली माझी विद्या सासऱ्यांच्या विहिरीवर कित्येक वर्षांपासून धकधक करत होती, हे ऐकून मला जरा लागलं. पण बायकोला शब्द दिलेला. म्हटलं, डिझेल तर डिझेल.

"महिनाभर गाडी उभी राहील," मिस्त्री म्हणाले.

आणि पोळा आठ दिवसांवर! बायकोनं आसगावला, माहेरी, कळवून टाकलं होतं की यंदा पोळ्याला आम्ही घरच्या गाडीनं येऊ. तिच्या थोरल्या चुलत बहिणीचा नवरा मोटारसायकल घेऊन येत असे आणि ते आमच्या घरात तीन वर्षं ऐकू येत होतं. तिनं मला बजावून सांगितलं, "गाडी काढ्यावर चालो का सुईवर, मले काही कराचं नाही. पण मी आसगावात एसटीतून उतरणार नाही."

मिस्त्री म्हणाले, "मंग आता कार्बोरेटर साफ करून देतो, इंजिनाचं पोळा झाल्यावर पाहू."

इथं मी माझं ऐतिहासिक वाक्य बोललो. "जे फेकाचंच आहे, ते साफ कायले करता?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

पोळ्याच्या दिवशी आम्ही निघालो. बायको नव्या लुगड्यात, मांडीवर फराळाचा डबा. आसगाव मैलभरावर राहिलं आणि गाडीनं दोन उचक्या दिल्या, मग श्वासच सोडला. दोन्हीकडे धानाच्या हिरव्यागार बांध्या, मधे चिखलाचा रस्ता आणि त्यावर आम्ही.

मला काही भीती वाटली नाही. इतर कुठल्याही दिवशी अशा वेळी एक बैलजोडी आणायची, दोर बांधायचा की झालं. मी तिथून जाणाऱ्या माणसाला ऐटीत म्हटलं, "माझ्या सासऱ्याले सांगा, जोडी पाठवा."

तो माणूस माझ्याकडे पाहतच राहिला. "आज? पोळ्याले?"

वर्षातून एकच दिवस असा, की बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या संध्याकाळी तुपा-हळदीनं त्याचे खांदे शेकलेले असतात. तो आज पाहुणा. नेमका तोच दिवस मी बंद पडायला निवडला होता.

निरोप गेला, पण जोडी आली नाही. सासरे आले, साळा आला आणि सोबत दहा-बाराजण. सुईची बातमी आसगावालाही पोचलेली. साळ्यानं लांबूनच विचारलं, "काय भाऊजी, सुई नाही दिली वाटते गाडीले?"

दुसरा म्हणाला, "सलाईन लावा लागते."

सासरे भिडस्त. जावयाला हसायचं नाही म्हणून त्यांनी तोंडावर शेला धरला. मग बायकोला म्हणाले, "चाल बाई, पायी जाऊ. गाडी राहू दे इथंच."

"मी उतरत नाही, बाबा."

"अवो, पोळा फुटाची वेळ होऊन राहिली."

"फुटू द्या. मी गाडीनं येईन म्हणून सांगून बसली. आता पायी आली तं वर्षभर तोंड कसं दाखवू?" तिचे डोळे भरून आले होते. तोवर मला सगळी गंमत वाटत होती. मग वाटेनाशी झाली.

मी बॉनेट उघडलं. उघडून पाहत राहिलो. इंजेक्शनवर मी तासभर बोलू शकलो असतो. कार्बोरेटर कुठून उघडतो ते मला ठाऊक नव्हतं.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. "यात तेल कुठून येते?" मी नळी दाखवली. "अन् निंगते कुठून?" बारीक भोकातून, मी म्हणालो. "मंग हे आपल्या फवारणीच्या पंपासारखंच झालं. त्याचंबी तोंड असंच बुजते."

बिड्या ओढणाऱ्यांना त्यांनी लांब पिटाळलं. गाडीतला पेचकस घेऊन चार स्क्रू काढले. कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी काळा गाळ बसला होता; चिखल्याची खाण आम्ही सोबत घेऊन फिरत होतो. गाळ पुसून त्यांनी ते बारीक भोकाचं पितळी जेट ओठांत धरलं आणि फुंकलं. एकदा, दोनदा. पेट्रोल तोंडात गेलं, थुंकले, पुन्हा फुंकले. ज्यांचे पाय मी त्या दिवशी धरायचे, ते माझ्यामुळे पेट्रोलच्या चुळा भरत होते.

सगळं जोडलं. मी किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि धरली.

"बंद नोका करू!" मागून सगळे ओरडले आणि चढून बसले.

सासऱ्यांच्या घरी कोणीच नव्हतं, सगळा गाव आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली. बायको म्हणाली, "तिकडंच घ्या." सजवलेल्या जोड्या रांगेत उभ्या होत्या. आमची काळीकुट्ट जीप शेवटच्या जोडीमागं जाऊन थरथरत उभी राहिली. झडत्या चालू होत्या. पोळ्याला लोक ओळी जुळवून एकमेकांची फिरकी घेतात, त्या झडत्या. साळ्यानं टपावर उभं राहून आवाज चढवला:

"चाक फिरे, चाक फिरे, चाकाले नाही बैल,
जावयाच्या गाडीमधी पेट्रोल होतं का मैल?
सासऱ्यानं मारली फुंक, तेव्हा गाडी हालली,
पोरगी आमची माहेराले गाडीतूनच आली!
हर हर महादेव!"

सगळा आखर हसला. पहिल्या तीन ओळी माझ्या वाट्याच्या होत्या. चौथी ऐकून बायकोनं पदर सारखा केला आणि मोटारसायकलवाल्या बहिणीकडे, जणू आत्ताच दिसली अशा थाटात, हात हलवला.

पवनीला परतल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "मंग, डिझेलचं इंजिन पाहू का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "काही नोको. जे आमच्या बाबाले खोलता येते, तेच राहू द्या."

माझंही हेच मत होतं, असं मी म्हणालो. मिस्त्री कार्बोरेटर नीट साफ करायला पाना शोधू लागले. बायको आत निघून गेली.