पांढऱ्या कपड्यांतली सवाष्ण

माझी आई मॉर्मन होती. हे ऐकल्यावर निम्मे लोक विचारतात, ‘म्हणजे काय?’ आणि उरलेले विचारतात, ‘त्यांच्यात तीन-तीन चार-चार बायका असतात ना?’ तर ते आधीच संपवून टाकते. तो अमेरिकेतून आलेला एक ख्रिस्ती पंथ आहे. आणि बायका? नसतात. बाबांच्या ऑफिसातले लोकही त्यांना डोळा मारून विचारायचे, ‘साहब, दूसरी कब ला रहे हो?’ हे आईच्या कानावर गेलं. पुढच्या दिवाळी मिलनात तिनं सगळ्यांच्या देखत हसत हसत सांगितलं, ‘अजी, इनसे एक नहीं सँभलती.’ त्यानंतर कुणाची टाप झाली नाही विचारायची.

तेव्हा आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. खालच्या मजल्यावर एक तेलुगू नर्सबाई होत्या, त्या मॉर्मन. पुण्याहून आलेली, हिंदीत अडखळणारी, नवरा सदा फायलींत बुडालेला अशी माझी आई त्यांच्याबरोबर एका रविवारी प्रार्थनेला गेली आणि मग जातच राहिली. कुणी फसवलं नाही तिला, कुणी आमिष दाखवलं नाही. लोकांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शिकलीसवरलेली बाई आपल्या डोक्यानं काही ठरवू शकते, हे आपल्याकडे कुणाच्या पचनीच पडत नाही.

मॉर्मन लोक चहा पीत नाहीत, कॉफीही नाही. मराठी घरात चहा नाही! पुण्याची मावशी, आईची धाकटी बहीण, पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यापुढे गरम दुधाचा पेला आला. ‘ताई, मी काय आजारी आहे का गं?’ मावशी म्हणाली. बाबा कॉलनीच्या गेटवरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायचे आणि मग बडीशेप चघळत घरात यायचे, जणू काही आईला कळतच नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आईचा उपास असायचा. मावशी म्हणाली, ‘आमच्या चतुर्थीसारखंच की!’ आई म्हणाली, ‘चतुर्थीला तू साबुदाण्याची परात संपवतेस. मी पाणीसुद्धा पीत नाही.’ अशी होती ती. भक्ती होती, पण जीभही होती.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही मयूर विहारला फ्लॅटमध्ये आलो. पुढे मी लग्न करून नोएडाला गेले, मला मुलगी झाली आणि आई आजी झाली. मग सोमवार संध्याकाळ ही तिनं सगळ्यांच्या बोकांडी बसवली. मॉर्मन लोकांत सोमवार घरच्यांचा असतो. मोबाइल बंद, आधी एक छोटी प्रार्थना, मग सापशिडी, मग थालीपीठ. ऑफिसात मंडे म्हणजे मीटिंगवर मीटिंग, आणि आजीचा फोन: ‘निघालीस का?’ माझी मुलगी कुरकुरायची, ‘आजी, यार, संडे को कर लो ना.’ आजी म्हणायची, ‘रविवार देवाचा. सोमवार माझा.’ माझ्या मुलीला जे काही मराठी येतं ते या सोमवारांमुळे येतं. सापशिडीत हरल्यावर ती अजूनही ‘रडीचा डाव खडी’ म्हणते, अगदी आजीसारखं हेल काढून.

मी मॉर्मन झाले नाही. बाबाही नाही. मी दिवसातून पाच कप चहा पिते आणि देवाशी माझं बोलणं नाही. आई त्यावरून कधी मला घालूनपाडून बोलली नाही. बाबांना मात्र एक गोष्ट ती वर्षानुवर्षं विचारत राहिली. मॉर्मन लोकांच्या देवळात नवराबायकोला कायमचं बांधून देतात, मेल्यावरही सुटत नाही असं. तेव्हा भारतात त्यांचं देऊळ नव्हतं, म्हणून चर्चच्या लोकांबरोबर आई विमानानं परदेशातल्या देवळात जाऊन आली. एकटीच. तिथून आली तेव्हा तिच्याकडे पायघोळ पांढरे कपडे होते, देवळात घालायचे. पुरतानाही तेच अंगावर असावेत अशी त्यांची रीत. बाबांनी बरोबर यावं, आधी तिच्या चर्चमध्ये यावं, मग देवळात, असं तिला फार वाटायचं. बाबा हसण्यावारी न्यायचे. ‘सरकारनं मला सात वर्षं टेंपररी ठेवलं होतं. तुझा देव एकदम पर्मनंट करणार?’ ती पण हसायची. पण एकदा तिला ओट्याकडे तोंड करून डोळे पुसताना मी पाहिलं आहे.

शेवटच्या आजारपणात तिनं मला जवळ बसवलं. ‘मला माझे पांढरे कपडे घालायचे. जाळायचं नाही, पुरायचं. तुझ्या बाबांच्यानं भांडण होत नाही. तू रडत बसू नकोस, उभी राहा.’ मी ‘हो’ म्हटलं. तिनं दोनदा ‘हो’ म्हणवून घेतलं.

ती जानेवारीत गेली, पहाटे, घरीच. दुपारपर्यंत मावशी विमानानं येऊन पोचली. बहिणीच्या पायाशी बसून पोटभर रडली. मग डोळे पुसले, बॅग उघडली आणि हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कुंकवाचा करंडा, ओटीचं सामान बाहेर काढलं. ‘अहेव गेली माझी ताई,’ ती म्हणाली, ‘भाग्याची. मळवट भरून पाठवू तिला.’

मी सांगितलं, पांढरे कपडे घालायचे आहेत. चर्चच्या बायका निघाल्यात.

मावशीचा चेहरा असा झाला, जणू मी तिला थोबाडीत मारली होती. ‘पांढरे? नवरा जिताजागता बसलाय समोर आणि त्या सवाष्णीला पांढरं? अगं विधवा आहे का ती? भाऊजींचं तरी काही बघ! बायपास झालेला माणूस. अपशकुन असतो तो!’

‘तिनं सांगितलंय.’

‘तिनं जन्मभर पुष्कळ सांगितलं. आम्ही ऐकलं. दूध प्यायलो. आता लोक येतील, आपली माणसं येतील. कुंकू नाही, हिरवं नाही, हे मी बघू?’

‘नको बघूस मग,’ मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. शेजारच्या बंगाली काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. थबकू देत. मला तेव्हा कुणाचीच भीड नव्हती. जी बाई आयुष्यभर स्वतःच्या मनानं जगली, तिला मेल्यावर सगळ्यांनी मिळून सरळ करायचं? का म्हणून? बोलायला तोंड उरलं नाही म्हणून?

मावशी माझ्याशी बोलायचीच थांबली. ती बाबांकडे वळली. ‘भाऊजी, तुम्ही सांगा. तुमची बायको आहे. तुमचा शब्द शेवटचा.’

आणि ते खरं होतं. बाबा नाही म्हणाले असते तर संपलंच. आणि बाबांना आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणता आलेलं नव्हतं, एक आई सोडून.

बाबा खुर्चीत मफलर गुंडाळून बसले होते. ते हिरव्या साडीकडे बघत राहिले. मग मावशीला म्हणाले, ‘तुमच्या हिरव्यात किती जन्म मिळतात गं? सात ना?’

मावशीला काही कळेना. ‘हो... सात.’

‘हिला सात पुरत नव्हते. हिनं मला कायमचा मागितला होता. मीच गेलो नाही. टिंगल करत बसलो.’ त्यांनी मफलर डोळ्यांना लावला. ‘आता निदान कपड्यांना तरी नाही म्हणणार नाही. मला काय व्हायचं ते होऊ दे. घाला पांढरे.’

मावशी हिरवी साडी मांडीवर घेऊन खाली बसली.

चर्चच्या बायका आल्या. नर्सबाई, आता चांगल्याच म्हाताऱ्या, काठी टेकत, आणि बरोबर आणखी दोघी. मी कपाटातून कपड्यांची पिशवी काढून दिली. ते चुरगळलेले होते. नर्सबाईंनी इस्त्री मागितली. मी म्हटलं, मी करते. मी मोठा झगा पसरला आणि बाह्यांवरून, गळ्यापासून खालपर्यंत सावकाश इस्त्री फिरवली. आई प्रेसवाल्याला हे कपडे कधी द्यायची नाही. झालं तेव्हा मी तो हातावर घेऊन तिच्या खोलीकडे निघाले.

नर्सबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. ‘बेटा, आप बाहर रुकिए. जो मंदिर जा चुकी हैं, वही पहनाती हैं. यही नियम है.’

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. मी तिची मुलगी. सकाळपासून मी भांडतेय. आणि मी बाहेर? मनात आलं, ही पिशवी उचलावी आणि या तिघींना जिना दाखवावा. मावशीची हिरवी साडी तयारच होती. त्यात निदान मला आईचे हात तरी हातात घेता आले असते, बांगड्या चढवायला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. अजूनही येतो. पण आईला हा नियम माहीत होता. माहीत असूनच तिनं मला ‘हो’ म्हणायला लावलं होतं.

मी झगा त्यांच्या हातात दिला. दार लागलं. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मग तिघी हळू आवाजात काही गुणगुणत होत्या. मी दाराबाहेर फरशीवर बसले. माझी मुलगी येऊन माझ्याशेजारी बसली. मावशीही आली, पण थोडी लांब बसली.

दार उघडलं तेव्हा आई नखशिखान्त पांढऱ्यात होती. कपाळ कोरं, हात कोरे. मी तिला इतकं नीटनेटकं कधी पाहिलं नव्हतं. बाबा जवळ गेले आणि वाकून बघत राहिले. मावशीनं करंडा मुठीत गच्च धरला होता, पण तिनं तो उघडला नाही.

दफन झाल्यावर सगळे पांगले. कबरस्तानाच्या फाटकाशी गाडीची वाट बघत मी आणि मावशी दोघीच उभ्या होतो. त्या भांडणानंतर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

‘तू मानतेस का गं हे सगळं?’

‘नाही.’

‘पोटच्या पोरीला दाराबाहेर बसवलं त्यांनी. आणि तू त्यांच्यासाठी माझ्याशी भांडलीस. तुझा काय फायदा झाला?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘मेली ती होती, मावशी. मी नाही. तू पण नाहीस.’